हिशोब वर्षाचा, खर्च आठवड्याचा: मोजक्या पैशात घर चालवताना

ज्या घरात पैसा मोजकाच येतो, तिथली घडी विस्कटते ती वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या खर्चांनी: विम्याचा हप्ता, शाळेची फी, घराचा कर, दातांचं काम, बंद पडलेला पंप. यातला जवळजवळ कुठलाच खर्च खरं म्हणजे अचानक येत नाही. विम्याची तारीख पावतीवर छापलेली असते, आणि पंप कुरकुरतोय हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं. पण महिन्याच्या हिशोबात या खर्चांना जागाच नसते. मग त्या महिन्यात उसनवारी होते आणि पुढचे तीन-चार महिने ती फेडण्यात जातात. म्हणून हिशोब वर्षाचा मांडायचा आणि खर्चायला पैसा आठवड्याचा हातात घ्यायचा.

मागचं वर्ष कागदावर

मागच्या १२ महिन्यांचे खातेउतारे, बिलं, पावत्या, असतील नसतील त्या चिठ्ठ्या एकत्र करा. वहीची तीन पानं पुरतात. पहिल्या पानावर बांधील खर्च, म्हणजे दर महिन्याला साधारण तेवढेच जाणारे: भाडं, कर्जाचा हप्ता, वीज, पाणी, फोन, कामावर जायचा प्रवास. दुसऱ्या पानावर फिरून येणारे खर्च, प्रत्येकापुढे महिना आणि रक्कम. तिसऱ्यावर रोजचे: किराणा, भाजी, साबण, किरकोळ औषधं, सुटे पैसे. याहून जास्त रकाने पाडू नका. तीस सदरांची वही दुसऱ्या महिन्यातच बंद पडते, कारण अमुक खर्च नेमका कुठल्या सदरात टाकायचा यावरच वेळ जातो.

जुन्या नोंदी नसतील तर पहिली दोन पानं आठवून भरा. घरातल्या दोघा-तिघांनी एकत्र बसलं की बहुतेक खर्च आठवतात. तिसऱ्या पानासाठी मात्र सलग ४ आठवडे रोज लिहून काढा. आठवणीवर लिहिलेला रोजचा खर्च नेहमी कमी भरतो, कारण लहान रकमा लक्षात राहत नाहीत.

दुसऱ्या पानावर हमखास सुटणारी एक गोष्ट म्हणजे झिजणाऱ्या वस्तू. घरातलं प्रत्येक महागडं साधन लिहा, त्यापुढे आणखी किती वर्षं चालेल याचा कडक अंदाज आणि नवीन घ्यायची किंमत. किंमत ६,००० आणि अंदाज ४ वर्षांचा असेल तर वर्षाला १,५०० हा त्या वस्तूचा खर्च झाला. आज ती चालू असली तरी. चष्मा, गाद्या आणि पादत्राणंही याच यादीत येतात.

उत्पन्नाच्या बाजूला फक्त हातात पडणारी रक्कम धरायची. ती दर महिन्याला बदलत असेल तर सरासरी धरू नका. मागच्या १२ महिन्यांतले सगळ्यांत कमी मिळकतीचे ३ महिने घ्या, त्यांची सरासरी काढा आणि तिला १२ ने गुणा. चांगल्या महिन्यात वर येईल ते वेगळं ठेवायचं. त्यातून वाईट महिना भरून निघतो. सरासरी धरली तर निम्मे महिने तुटीतच जातात. मिळेल असं कुणीतरी सांगितलेली बक्षिसी किंवा येणं असलेली उधारी हातात पडेपर्यंत शून्य.

आकडे कसे बसतात

समजा वर्षाचं उत्पन्न १,२०,००० आहे. चलन कोणतंही असो. बांधील खर्च महिना ४,८००, म्हणजे वर्षाला ५७,६००. फिरून येणारे २१,०००. अडीअडचणीसाठी महिना ३०० बाजूला, म्हणजे ३,६००. उरले ३७,८००. एवढ्यात वर्षभराचा रोजचा खर्च भागवायचा आहे.

इथे एक चूक घरोघरी होते. ३७,८०० ला १२ ने भागलं की महिना ३,१५० येतात, त्याला ४ ने भागलं की आठवडा ७८७. पण महिन्यात ४ आठवडे नसतात. वर्षात आठवडे ५२ आणि वर एक दिवस. ४ गुणिले १२ मात्र ४८ होतात. आठवड्याला ७८७ खर्च केले तर वर्षाला ४०,९२४ लागतील, म्हणजे ३,१२४ ची तूट. अडीअडचणीचे जवळजवळ सगळे पैसे त्यात गेले, आणि कुणी उधळपट्टी केली म्हणूनही नाही. महिनाअखेरची ओढाताण पुष्कळदा या चार आठवड्यांचीच असते.

म्हणून ३७,८०० ला ५३ ने भागा. आठवड्याला ७१३ येतात, ७१० धरा. ५२ ऐवजी ५३ घेतल्यामुळे वर्षाच्या शेवटी साधारण एका आठवड्याचा खर्च मागे राहतो, आणि वर्षातला तो एक जास्तीचा दिवसही त्यातच भागतो.

फिरून येणाऱ्या खर्चांचा डबा

२१,००० ला १२ ने भागून महिना १,७५० वेगळे काढायचे, इतकं बहुतेकांना सुचतं. पहिल्याच वर्षी हे फसतं, ते तारखांमुळे. समजा खर्च असे आहेत: तिसऱ्या महिन्यात ९,०००, सहाव्यात ३,०००, आठव्यात ४,०००, अकराव्यात ५,०००. तिसऱ्या महिन्यापर्यंत डब्यात ५,२५० जमतील आणि लागतील ९,०००. पैसे कमी पडले की लोक ही पद्धतच सोडून देतात.

यासाठी एक पान आडवं धरून १२ उभे रकाने आखा. प्रत्येक रकान्यात चार ओळी: मागची शिल्लक, या महिन्याची भर, या महिन्याचा खर्च, पुढची शिल्लक. वर्षभराचे आकडे आजच भरून टाका. पुढच्या शिलकेत सगळ्यांत खाली गेलेला आकडा शोधा. वरच्या उदाहरणात तो तिसऱ्या महिन्यात येतो, उणे ३,७५०. याचा अर्थ डबा सुरू करताना त्यात ३,७५० आधीच असायला हवेत. तेवढे असले तर वर्षभर तो कधीही उण्यात जाणार नाही. हे पैसे एकदाच घालावे लागतात. वर्ष संपताना ते डब्यातच असतात आणि पुढच्या वर्षीची सुरुवात करून देतात.

एवढी रक्कम हाताशी नसेल तर वर्षाची सुरुवात बदला. घराच्या हिशोबाचं वर्ष कॅलेंडरबरोबर चालायलाच हवं असं नाही. हेच खर्च चौथ्या महिन्यापासून मांडून पाहा, म्हणजे सर्वांत मोठा खर्च होऊन गेल्यानंतर लगेच. भर तीच १,७५०. सहाव्या महिन्याअखेर शिल्लक २,२५०, आठव्याअखेर १,७५०, अकराव्याअखेर २,०००, आणि पुढच्या तिसऱ्या महिन्यात बरोबर ९,००० जमून तो खर्च भागतो. एकदाही उणे नाही. ज्या घरात सुरुवातीला टाकायला काहीच नाही, त्यांनी सर्वांत मोठ्या खर्चानंतरच्या महिन्यातच सुरुवात करावी. तोवरचा वेळ नोंदी गोळा करायला वापरता येतो.

दोन्ही जमत नसेल तर त्या मोठ्या खर्चाचे हप्ते पाडून मागा. मात्र मागायचं ते मुदतीच्या महिनाभर आधी. मुदत उलटल्यावर तुम्ही थकबाकीदार असता, आणि मग बोलणी वेगळ्या सुरात होतात. विम्याचा हप्ता वर्षाचा एकदम भरला तर पुष्कळदा स्वस्त पडतो, म्हणून दुसऱ्या वर्षी डबा भरला की मासिकावरून वार्षिक हप्त्यावर या.

हा पैसा रोजच्या खात्यात ठेवू नका. शिल्लक दिसते तोवर ती खर्चायचीच आहे असं हाताला वाटतं. वेगळं खातं असेल तर पगाराच्या दिवशीच तिकडे वळवा. रोकड असेल तर खरोखरचा डबा. डब्यातून रोजच्यासाठी पैसे काढावेच लागले तर तारीख आणि रक्कम लिहिलेली चिठ्ठी आत टाका. ‘परत टाकू’ हे तोंडी राहिलं की दोन महिन्यांत विसरलं जातं. चिठ्ठी असली की पुढचा डबा उघडणारा ती वाचतोच.

आठवड्याचा पैसा

आठवड्याचा वार ठरवा आणि त्या दिवशी ७१० एवढेच पैसे पाकिटात किंवा वेगळ्या छोट्या खात्यात घ्या. बाजाराच्या आदल्या दिवशी घेतलेले बरे. उरले तर पुढच्या आठवड्यात मिसळू नका. ते एका बाटलीत टाका. साबण, तेल, धान्य अशा मोठ्या खरेदीला ती बाटली कामी येते. कमी पडले तर पुढच्या आठवड्यातून उचलायचे, पण तेवढे तिथे वजा करून. आठवड्याची चूक सहा दिवसांत निस्तरते. महिन्याची चूक कळते तेव्हा पंचविसावी तारीख असते आणि हातात काही नसतं.

घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला थोडा का होईना, हिशोब न विचारला जाणारा पैसा द्या. ७१० मधले ३०-३० असले तरी चालतील. हे लाड वाटतील, पण याशिवाय वही खरी राहत नाही. चहाचे पैसे भाजीत लिहिले जातात, मग भाजीचा आकडा खोटा होतो आणि त्या खोट्या आकड्यावर पुढचं वर्ष बेतलं जातं.

बेरीज बसत नसेल तर

खर्च उत्पन्नापेक्षा जास्त निघाला तर कात्री आधी बांधील पानाला लावा. तिथला एक निर्णय वर्षातून १२ वेळा पैसे वाचवतो आणि रोज मन मारावं लागत नाही. फोनची योजना खरोखर वापराएवढी आहे का, न वापरलेली वर्गणी दर महिन्याला आपोआप कापली जाते का, प्रवासाचा पास सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतो का, दुसरं वाहन विकून त्याचा विमा आणि दुरुस्तीही वाचेल का, घर लहान करता येईल का. हे प्रश्न जड आहेत, पण भाडं उत्पन्नाच्या निम्म्यावर गेलं असेल तर किराण्यात कितीही चिमटे घेतले तरी हिशोब बसणार नाही.

मग स्वयंपाकघर. इथे पुष्कळ पैसा वाया जातो तो फेकण्यात. यादी करण्याआधी फळी, डबे आणि फ्रिज बघायचे आणि आठवड्याचा स्वयंपाक घरात असलेल्या गोष्टींभोवती ठरवायचा. दुकानात फक्त राहिलेलं आणायचं. नवीन आणलेलं मागे, जुनं पुढे. फ्रिज ४ अंश सेल्सिअसवर, फ्रीझर उणे १८ वर. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं, आणि ते पसरट, उथळ भांड्यात ठेवलं तर लवकर गार होतं. खोल पातेल्याच्या मध्यभागी अन्न कित्येक तास कोमट राहतं आणि तिथेच बिघडतं. उरलेल्यावर तारखेची चिकटपट्टी लावा. तारीख नसलेला डबा कुणी उघडत नाही, शेवटी तो फेकला जातो.

मोठं पाकीट घ्यावं की लहान? दर किलोमागे काढा, मग हा नियम लावा: मोठ्या पाकिटात जेवढे टक्के स्वस्ताई असेल, तेवढे टक्के माल वाया गेला की दोन्ही सारखे. २० टक्के स्वस्त मिळालेल्या धान्यातलं पाचवा हिस्सा किडलं तर काहीच वाचलं नाही, शिवाय पैसा अडकून पडला. म्हणून जे टिकतं आणि जे आपण नक्की संपवतो तेच मोठं घ्यायचं, आणि तेही बाटलीतल्या पैशातून, आठवड्याच्या नव्हे. धान्य पूर्ण कोरडं करून घट्ट झाकणाच्या डब्यात काठोकाठ भरा. फ्रीझरमध्ये जागा असेल तर पीठ किंवा डाळ चार दिवस उणे १८ अंशांवर ठेवली की किड्यांची अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं आणि बुरशी येते.

कडधान्य रात्रभर भिजवलं की शिजायला बराच कमी वेळ लागतो. पाण्याला उकळी आली की आच कमी करा. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. जोराची आच फक्त जास्त वाफ करते, अन्न लवकर शिजवत नाही. प्रेशर कुकरमध्ये तापमान साधारण १२० अंशांपर्यंत चढतं, इंधन वाचतं ते त्यामुळे. झाकण तर नेहमीच ठेवावं.

विजेच्या बाबतीत अंदाजावर जाऊ नका, गुणाकार करा: वॉट गुणिले तास, भागिले १,००० म्हणजे युनिट. ६० वॉटचा जुना तारेचा दिवा रोज ५ तास जळला तर वर्षाला साधारण ११० युनिट. तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी १६. नुसतं बटण न दाबल्यामुळे ५ वॉट खात राहिलेलं उपकरण वर्षाला ४४ युनिट घेतं, म्हणजे त्या एलईडीच्या अडीचपटीहून जास्त. पण सगळ्यांत मोठा खर्च असतो तो तापवण्याचा. २० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला सुमारे ०.५८ युनिट लागतं. रोज एकदा धरलं तर वर्षाला २१० च्या वर. एका बादलीत भागत असेल तर दुसरी न तापवणं हे असे दहा एलईडी दिवे मालवण्यापेक्षा मोठं. कपडे गार पाण्यात धुवा आणि दोरीवर वाळवा. साबणाची पूड मापाने घाला. जास्त घातली तर ती कपड्यातच राहते आणि खळबळायला पाणी जास्त जातं.

फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी अडकवून दार लावा. कागद सहज सरकून बाहेर आला तर रबर सैल आहे: आधी कोमट साबणाच्या पाण्याने पुसून पाहा, तरी सैलच राहिलं तर बदला. गळक्या नळाचा वायसर आजच बदला. सेकंदाला एक छोटा थेंब धरला तरी दिवसाला ४ लिटरच्या वर आणि वर्षाला दीड हजार लिटरपेक्षा जास्त पाणी जातं. सगळी उपकरणं बंद करून मीटर बघा. तो तरीही फिरत असेल तर काहीतरी चालू राहिलं आहे किंवा वायरिंगमध्ये दोष आहे. दोष वाटला तर स्वतः हात घालू नका, वायरमन बोलवा.

कर्ज

आधी ते हप्ते, जे चुकले तर छप्पर, वीज किंवा कामाचं साधन जाईल. त्यानंतर व्याजाचा दर ज्याचा सर्वांत जास्त, त्यावर जमेल तेवढी जास्तीची रक्कम. दरमहा ३ टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण काहीच फेडलं नाही तर व्याजावर व्याज चढून वर्षाला साडेबेचाळीस टक्के होतात आणि दोन वर्षांत कर्ज दुप्पट.

हप्त्यांवर वस्तू घेताना ‘सपाट’ दरापासून सावध राहा. १२,००० चं कर्ज, १२ महिने, १२ टक्के सपाट, म्हणजे व्याज १,४४० आणि हप्ता १,१२०. पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होत असतं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १२,००० वर लावलेलं असतं. खरा दर साधारण साडेएकवीस टक्के पडतो. ‘बिनव्याजी’ हप्त्यात प्रक्रिया शुल्क किंवा रोख घेतल्यास मिळणारी सूट लपलेली असते. रोखीची किंमत आणि एकूण भरणा यांतला फरक विचारा, म्हणजे व्याज समोर येतं.

जिथे कात्री लावायची नाही

चालू औषधं, दात, मुलांचा चष्मा, आजारपणाचा विमा, वाहनाचे ब्रेक आणि टायर, गळती आणि वायरिंगची दुरुस्ती. हे पुढे ढकलले तर पैसे वाचत नाहीत. लहान बिल मोठं होऊन परत येतं. लहान कीड भरून घेणं आणि नंतर त्याच दाताची मुळापर्यंतची उपचारपद्धती यांच्या खर्चात कितीतरी पटींचा फरक असतो. पोटाला चिमटा तर अजिबात नको: महाग पदार्थ बदला, ताटातलं प्रमाण कमी करू नका, विशेषतः मुलांचं आणि गरोदर बाईचं. पुष्कळ घरांत स्वयंपाक करणारी बाईच आपल्या वाटचं कमी करते आणि ते वहीत दिसत नाही. ते घरातल्यांनी बघायला हवं.

मिळकत घटली तर

ते होण्याआधी, शांत डोक्याने, कपातीचा क्रम लिहून ठेवा. पहिल्या पायरीवर बिनहिशोबी पैसा निम्मा आणि नवीन खरेदी बंद. दुसरीवर झिजणाऱ्या वस्तूंची भर थांबवायची, वर्गण्या बंद, प्रवास कमी. तिसरीवर घरमालक, शाळा, कर्ज देणारे यांच्याशी मुदत मागायला बोलायचं. कुठली पायरी कधी, तेही ठरवा: उदाहरणार्थ, सलग दोन आठवडे पैसा कमी आला की पहिली, अडीअडचणीची शिल्लक निम्म्यावर आली की दुसरी. कमाई थांबल्यावर हे ठरवायला बसलं की भांडणं होतात आणि पहिला आठवडा वाया जातो.

दर १३ आठवड्यांनी तासभर बसून ताळा घ्या. डब्याच्या पानावरची शिल्लक आणि डब्यातले खरे पैसे जुळतात का, हे सर्वांत आधी. रोजच्या खर्चात शंभराला दोन-तीनचा फरक निघाला तर सोडून द्या. फिरून येणाऱ्या खर्चाची नवी रक्कम कळली, जसं की फी वाढली, तर त्याच बैठकीत उरलेल्या महिन्यांत ती वाटून टाका. फी १,२०० ने वाढली आणि ६ महिने हातात असतील तर महिन्याची भर २०० ने वाढवा, आणि ते २०० कुठून येणार हे तिथेच लिहा. वर्षाच्या शेवटी ५३ व्या आठवड्याचे पैसे उरले असतील तर ते आधी डब्यातल्या चिठ्ठ्या फेडायला वापरा, आणि त्यातूनही राहिले तर अडीअडचणीच्या शिलकेत टाका.